साखरपट्ट्यात निघालेली ‘शुगर’ : मधुमेहाच्या निदानानंतरचे पहिले वर्ष

मधुमेहाचे निदान पुष्कळदा दुसऱ्याच कशाच्या तरी निमित्ताने होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीची रक्ततपासणी, औद्योगिक वसाहतीतील कारखान्याची वार्षिक आरोग्य तपासणी, गावात भरलेले शिबिर किंवा लवकर न भरलेली जखम, यांपैकी कशाने तरी कागदावर एक आकडा येतो आणि ‘शुगर निघाली’ ही बातमी घरात पोहोचते. ज्याच्याबद्दल ती असते त्याला त्या दिवशी बहुधा काहीही होत नसते. भूक लागते, झोप येते, कामही नेहमीसारखे उरकते. हा आजार सुरुवातीची अनेक वर्षे दुखत नाही आणि त्यातच त्याचा मोठा धोका आहे, कारण जे दुखत नाही ते खरे वाटत नाही. त्यामुळे निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यांत कोणी धास्तीने भात, फळे आणि निम्मे जेवण एकदम सोडून देतो, तर कोणी रिपोर्ट कपाटात ठेवून ‘सुगी उरकली की बघू’ असे म्हणतो. या दोन्ही माणसांना आपण नेमके कशाशी जुळवून घ्यायचे आहे हे कोणी नीट सांगितलेले नसते.

बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीत आणि तिच्याभोवतीच्या बारामती-इंदापूर परिसरात या गोंधळात आणखी एका समजाची भर पडते. नीरा डाव्या कालव्याने हा मुलूख उसाचा केला आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनी येथील घरांचे अर्थकारण साखरेशी जोडले. अशा ठिकाणी मधुमेह म्हटले की दोष आपोआप गोडाकडे जातो, आणि मग ‘आम्ही तर गोड खातच नाही, आम्हाला कशी झाली’ हा प्रश्न किंवा ‘साखर बंद केली आहे, आता काळजी नाही’ हे समाधान, अशा दोन्ही गोष्टी एकाच चुकीच्या समजातून येतात. अति साखरेने वजन वाढते आणि मधुमेहाला वाट मोकळी होते हे खरे. परंतु मधुमेह म्हणजे केवळ साखर खाण्याची शिक्षा नव्हे, आणि साखर सोडणे हा त्याचा संपूर्ण उपचारही नव्हे. हे एवढे पटले की पुढची बरीचशी पथ्ये समजणे सोपे जाते.

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे, म्हणजे कर्बोदकांचे, पचनानंतर ग्लुकोज होते आणि ते रक्तातून शरीरभर फिरते. ते स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत शिरावे यासाठी स्वादुपिंड, म्हणजे जठराच्या मागे असलेली ग्रंथी, इन्सुलिन नावाचे संप्रेरक स्रवते. मोठ्या माणसांत सर्वाधिक आढळणाऱ्या मधुमेहात, ज्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, प्रथम पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देईनाशा होतात. या स्थितीला इन्सुलिन-रोध असे नाव आहे. कालवा भरून वाहत असावा, पण चाऱ्यांची दारे गंजल्यामुळे अर्धीच उघडावीत आणि शेत कोरडे राहावे, तसा हा प्रकार असतो. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्सुलिन सोडून ही तूट भरून काढते आणि मग हळूहळू थकते. रक्तातील ग्लुकोज मर्यादेबाहेर जाते ते त्यानंतर. म्हणजे रिपोर्टवर आज दिसलेल्या आकड्यामागे काही वर्षांचा इतिहास असतो आणि तो कालच्या पुरणपोळीने घडलेला नसतो.

‘अंगावर मांस नाही, तरी मधुमेह कसा’ या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आणि तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. मात्र इथल्या बाळांत स्नायू व अवयव लहान असूनही चरबी त्या मानाने टिकून राहिलेली आढळली. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे मोठेपणीही राहते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभे राहिलेले आपलेच छायाचित्र छापले: उंचीच्या मानाने वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांत वजनकाट्यापेक्षा कमरेच्या घेराला अधिक महत्त्व दिले जाते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा घेर हा हातपाय काडीसारखे असले तरी धोक्याचा मानावा. नव्याने निदान झालेल्या व्यक्तीने या संशोधनातून घ्यायची गोष्ट अशी की, आजाराचा काही भाग जन्माआधीच ठरलेला असतो, त्यामुळे स्वतःला अपराधी समजण्याचे कारण नाही. उरलेला भाग मात्र पोटाच्या घेराशी आणि स्नायूंच्या वापराशी निगडित असल्याने हात टेकण्याचेही कारण नाही.

मधुमेही माणूस एकटा नाही, हेही आकड्यांतून दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख मांडली. त्याच पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. जळोचीसारखी जी ठिकाणे एका पिढीत गावाची शहरे झाली, जेथे मोटेच्या जागी वीजपंप, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि पायवाटेच्या जागी मोटारसायकल आली, पण ताटातील भाकऱ्यांची संख्या फारशी बदलली नाही, तेथे हे दोन आकडे एकमेकांजवळ सरकणार हे उघड आहे.

पहिले काम म्हणजे रिपोर्ट नीट वाचणे. उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काही न घेता केलेल्या तपासणीत ग्लुकोज १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत २०० किंवा अधिक, अथवा ‘एचबीए१सी’ ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर मधुमेह मानतात. तथापि तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे नसतील तर एका रिपोर्टवर शिक्कामोर्तब न करता तपासणी पुन्हा करून खात्री करणे हा नियम आहे. ‘एचबीए१सी’ म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण होय. या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने तपासणीतून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते आणि तपासणीच्या आदल्या दिवशी केलेल्या कडक पथ्याने ती फसत नाही. सात टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४, आठ टक्के म्हणजे सुमारे १८३ असा तिचा ढोबळ हिशेब आहे. लोहाच्या कमतरतेने अॅनिमिया झालेल्या स्त्रीमध्ये हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. आपल्याकडे अॅनिमिया घरोघर असल्यामुळे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय केवळ या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. उपाशीपोटीचा आकडा १०० ते १२५ दरम्यान आला की लोक ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून निश्चिंत होतात, वस्तुतः थोडक्या प्रयत्नात जास्तीत जास्त फळ मिळण्याचा काळ तोच असतो.

येथेच एक इशारा आवश्यक आहे. लहान मूल किंवा तरुण व्यक्ती काही आठवड्यांत झपाट्याने वाळत असेल, सतत पाणी मागत असेल, उलट्या, पोटदुखी किंवा खोल व वेगाने चालणारा श्वास दिसत असेल, तर तो पहिल्या प्रकारचा मधुमेह असू शकतो. त्यात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, त्यामुळे गोळ्या, काढे किंवा पथ्य यांत एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे लागते आणि इन्सुलिन आयुष्यभर घ्यावे लागते. १९२२ पूर्वी, म्हणजे टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले जाण्यापूर्वी, अशी मुले वाचत नसत. मुलीचे पुढे लग्न ठरायचे आहे म्हणून तिचे इन्सुलिन शाळेपासून व नातलगांपासून लपवणारी घरे तिचा जीव धोक्यात घालतात, कारण साखर उतरली तर काय करायचे हे जवळच्या माणसांना ठाऊक असावेच लागते.

निदान पक्के झाल्यावर मनाचा जो काळ सुरू होतो त्याचीही दखल उपचारात घ्यावी लागते. सततचे मोजणे, घरच्यांची टोकाटोकी, पाहुण्यांकडे चहाला नकार दिल्यावर द्यावे लागणारे स्पष्टीकरण आणि वडिलांचा किंवा चुलत्याचा पाय कापावा लागल्याची आठवण यांतून जो कंटाळा व भीती साचते, तिला वैद्यकशास्त्रात मधुमेहजन्य मानसिक ताण म्हणतात. नैराश्याहून ती वेगळी अवस्था आहे, पण दीर्घकाळ राहिली तर औषधे टाळणे तिच्यातूनच सुरू होते. झोप उडणे, कशात रस न वाटणे, गोळ्या वारंवार चुकणे असे दिसू लागले तर ते डॉक्टरांना रक्तातील साखरेइतक्याच मोकळेपणाने सांगावे. घरच्यांनीही पहारेकऱ्याची भूमिका घेऊ नये. एकाच्या ताटात वेगळे आणि बाकीच्यांच्या ताटात वेगळे असा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही. सगळ्या घराचे जेवण थोडे बदलणे हाच टिकणारा मार्ग, विशेषतः मधुमेह घरातील स्त्रीला झालेला असेल तेव्हा, कारण स्वतःसाठी म्हणून वेगळी भाजी करणारी गृहिणी विरळाच.

आहाराचा विचार करताना साखरेचा हिशेब आधी उरकून घेणे सोयीचे. चहाच्या एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर जात असेल आणि घरी, बांधावर, बाजारात, पाहुण्यांकडे मिळून दिवसाला सहा कप होत असतील, तर साठ ग्रॅम साखर एरवी गोड न खाणाऱ्या माणसाच्याही पोटात जाते. गूळ, काकवी आणि मध यांना सूट देण्याची पद्धत आहे. गुळातही बहुतांश साखरच असते, आणि त्यातील लोहासाठी तो खायचा झाला तर त्याबरोबर येणारी साखर परवडणारी नसते. उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. (रसात आले-लिंबू पिळल्याने ती बाधत नाही हा समज रसाइतकाच गोड असला तरी खरा नाही.)

खरा प्रश्न मात्र भाकरी, पोळी आणि भाताचा आहे. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा चांगली हे सरसकट सांगितले जाते. तिच्यातील तंतुमय भाग उपयुक्त आहे, पण ८० ग्रॅम पिठाच्या एका थोराड भाकरीत ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, त्यामुळे ‘भाकरीच तर खाल्ली’ म्हणत तीन भाकऱ्या खाणाऱ्याची साखर वाढतेच. या भागातील नेहमीच्या जेवणात उणीव असते ती प्रथिनांची आणि भाज्यांची. पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी, वर भात आणि तोंडी लावायला ठेचा, हे ताट पोट भरते, परंतु ग्लुकोजचा चढ अडवण्यासारखे त्यात काही नसते. ताटाचा निम्मा भाग पालेभाजी, वांगी, गवार, दोडका, काकडी-मुळ्याची कोशिंबीर यांनी भरावा, चौथ्या भागात मटकीची किंवा हुलग्याची उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडी अथवा भिगवणच्या बाजारातून आणलेला उजनीचा मासा असावा आणि उरलेल्या चौथ्या भागात भाकरी किंवा भात बसवावा, अशी साधी विभागणी वजनकाट्याशिवाय जमते. जेवताना भाजी-उसळ आधी व भाकरी-भात शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरचा चढ कमी राहतो, असे प्रयोगांत दिसले आहे. फळे वर्ज्य नाहीत. इंदापूरकडचा पेरू किंवा मूठभर डाळिंबाचे दाणे, जेवणावर न घेता मधल्या वेळी, चालतात. द्राक्षे आणि केळी मोजून, आणि कोणत्याही फळाचा रस नको.

कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड यांचा थोडाफार परिणाम होत असेलही, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करणे हा व्यवहार तोट्याचा आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत पुष्कळांना माहीत आहे. कमी वेळा व मोजके खाल्ल्याने वजन उतरत असेल तर त्याचा फायदा होतो. मात्र जी व्यक्ती ग्लिमेपिराइडसारखी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तिने डोस बदलून घेतल्याशिवाय जेवणातील अंतर वाढवणे धोक्याचे आहे.

मधुमेह पूर्णपणे घालवून देण्याच्या जाहिरातींबाबतही वस्तुस्थिती ठाऊक असावी. ब्रिटनमध्ये निदानाला सहा वर्षे उलटली नाहीत अशा स्थूल रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत वजन लक्षणीय घटवलेल्या गटातील ४६ टक्के लोकांची साखर एका वर्षानंतर औषधांविना मर्यादेत होती; दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. याला शमन म्हणतात, मुक्ती नव्हे, कारण वजन परतले की मधुमेहही परततो. स्थूल व नव्याने निदान झालेल्या व्यक्तीने वैद्यकीय देखरेखीखाली हा प्रयत्न जरूर करावा. मुळातच सडपातळ असलेल्यांना त्यातून तेवढीच अपेक्षा धरता येत नाही.

‘शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला’ हे म्हणणे नांगर-मोटेच्या काळात बिनतोड होते. आज ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून मोटारसायकलवर परतणाऱ्याला किंवा जळोचीच्या उपबाजारात पहाटेपासून गाळ्यावर बसून राहणाऱ्याला ते लागू पडत नाही. आठवड्यात मिळून दीडशे मिनिटे दमदार चालणे, त्यात सलग दोन दिवसांहून अधिक खंड न पडू देणे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असे काही करणे, जसे खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठणे किंवा भिंतीला टेकून जोर काढणे, एवढे पुरे. रात्रीच्या जेवणानंतर लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे चालले तर त्या जेवणाचे ग्लुकोज स्नायू वापरून टाकतात.

औषधांत पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिन असते. १९५७ पासून मधुमेहावर वापरात असलेले हे स्वस्त औषध जेवणाबरोबर घेतल्यास मळमळ व जुलाबाचा त्रास कमी होतो आणि तो सहसा काही आठवड्यांत थांबतो. ते दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी, विशेषतः दूधदुभतेही बेताचेच घेणाऱ्या व्यक्तींत ते आधीच कमी असते आणि त्याच्या अभावानेही पायाला मुंग्या येतात, त्यामुळे मधुमेहाने नसा बिघडल्या असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव असतो. म्हणून ब१२ची तपासणी अधूनमधून करून घ्यावी. ‘गोळीची सवय लागते’ हा आक्षेप निराधार आहे. गोळी वाढते ती आजार पुढे सरकल्यामुळे. सुरुवातीची वर्षे साखर आटोक्यात ठेवल्याचा लाभ नंतरही बराच काळ टिकतो, हे १९७७ ते १९९७ या काळात ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने आणि त्याच रुग्णांचा नंतरची दहा वर्षे घेतलेल्या मागोव्याने दाखवून दिले, आणि पहिल्या वर्षाचे महत्त्व सांगायचे ते त्यामुळेच. इन्सुलिनचे इंजेक्शन म्हणजे शेवट, असे मानणेही सोडावे; निदानाच्या वेळीच साखर फार चढलेली असेल तर काही आठवडे इन्सुलिन देऊन पुन्हा गोळ्यांवर आणता येते.

घरी ग्लुकोमीटर वापरताना एक बारकावा या भागात विशेष लागू पडतो. द्राक्षे-डाळिंबांची प्रतवारी करणाऱ्या, गूळ हाताळणाऱ्या किंवा नुकतेच फळ कापलेल्या व्यक्तीच्या बोटाला साखरेचा थर चिकटलेला असतो आणि तसेच बोट टोचले तर यंत्र रक्ताबरोबर तोही मोजते. १४० असलेली साखर २४० दिसते आणि घरात घबराट उडते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे म्हणजे दुखतही कमी, आणि पट्टीच्या डबीचे झाकण दमट हवेत उघडे ठेवू नये. नुसते आकडे लिहून वहीचा उपयोग होत नाही, त्यासमोर काय व किती वाजता खाल्ले हेही लिहिले तर दोन आठवड्यांत आपल्याला भात चढतो की सकाळचे पोहे, हे कळू लागते. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत आणि ‘एचबीए१सी’ सातच्या आत हे उद्दिष्ट ठेवतात. वृद्धांसाठी ते सैल असते.

साखर ७० च्या खाली जाणे हे वाढलेल्या साखरेहून तातडीचे संकट आहे. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची चिन्हे होत, आणि भर बाजारात अशा माणसाला प्यायलेला समजून बाजूला बसवले जाण्याचा धोका असतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, तिला थेट रुग्णालयात न्यावे. औद्योगिक वसाहतीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगारांनी आपली पाळी डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ घड्याळाशी न बांधता जेवणाशी बांधून घ्यावी.

उपवासांचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. एकादशीला दिवसभर उपाशी राहून ग्लिमेपिराइड घेतल्यास साखर उतरते, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी व रताळ्याचा कीस खाल्ला की ती चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. राजगिरा, शेंगदाणे, दही आणि काकडी यांवर उपवास निभावता येतो, मात्र त्या दिवशीच्या गोळ्यांचे काय करायचे हे आधी विचारून ठेवावे लागते.

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी या दोन्ही तालुक्यांतून पुढे जाते, आणि वाटेवरच्या गावांतील मधुमेहीही वारीत चालतात. चालणे चांगलेच, काळजी पायांची घ्यायची. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे चप्पल तुटलेली, खडा टोचलेला किंवा तापलेल्या डांबराने तळवा भाजलेला समजत नाही, आणि रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर तेवढी जखम पाय गमावण्यापर्यंत जाते. अनवाणी चालण्याचा नवस मधुमेहीने करू नये आणि केलेला असल्यास तो अन्य रीतीने फेडावा. जुने, रुळलेले, बोटे मोकळी राहतील असे पायताण, सुती मोजे, आणि मुक्कामावर पोहोचताच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा आरशात किंवा सोबत्याकडून पाहून घेणे, एवढे रोज केले तर बरेचसे अनर्थ टळतात. इन्सुलिन घेणाऱ्याला वारीत पायांबरोबर तेही जपावे लागते. त्याची वापरात नसलेली बाटली फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत, गोठणार नाही अशी ठेवतात. वापरात काढलेली बाटली सावलीत व थंड ठिकाणी साधारण महिनाभर चालते आणि प्रवासात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्याचाही उपयोग होतो. ती मोटारीच्या डिकीत ठेवू नये.

वारी वर्षातून एकदा येते, पण उसाला रात्री पाणी देणे बारमाही असते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की अंधारात, चिखलात, पाचटाच्या टोकदार काड्यांतून अनवाणी दारे धरणाऱ्या मधुमेह्याला वारकऱ्याहून अधिक धोका आहे. गमबूट घालावेत, घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, काढल्यावर पाय पाहावेत. कुरूप ब्लेडने कापणे, बधिर पाय विटेने किंवा गरम पाण्याने शेकणे, जखमेवर तंबाखू किंवा चुना भरणे, हे सर्व बंद करावे. दोन दिवसांत न सुकणारी कोणतीही जखम डॉक्टरांना दाखवावी.

वर्षाकाठी करायच्या तपासण्या थोड्याच आहेत, पण त्या चुकतात. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच करावी लागते, कारण चष्म्याचा नंबर न बदलताही आतील रक्तवाहिन्या खराब झालेल्या असू शकतात. मूत्रपिंडासाठी लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण व रक्तातील क्रिएटिनिन, पायांसाठी नायलॉनच्या बारीक तंतूने केली जाणारी संवेदना-चाचणी, शिवाय रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि दात. तंबाखू व मिश्री सोडण्याने होणारा लाभ एखाद्या महागड्या औषधाइतका आहे. मधुमेहीला क्षयरोगाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असल्याने दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याची थुंकी तपासून घ्यावी.

यांपैकी बहुतेक सोयी जवळपास आहेत. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी हा राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाचा भाग असून ती आशा कार्यकर्तीमार्फत उपकेंद्रापासून सुरू होते. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. औषधे विकतच घ्यायची झाली तर जनऔषधी केंद्रातील तीच मूळ औषधे पुष्कळ स्वस्त पडतात. डॉक्टर वारंवार बदलण्यापेक्षा एकाच ठिकाणी एकच फाइल ठेवून दर तीन महिन्यांनी जाणे हिताचे असते, आणि जाताना ग्लुकोमीटरची वही व चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, कारण ‘ती पांढरी, छोटी गोळी’ या वर्णनात निम्मा औषधसाठा बसतो.

निदान एकाचे झाले असले तरी तपासणी घरातील इतरांचीही करावी लागते. सख्खी भावंडे व तिशी गाठलेली मुले यांनी कमरेचा घेर मोजून उपाशीपोटीची साखर पाहून घ्यावी. ज्या सुनेला किंवा मुलीला गरोदरपणात साखर वाढल्याचे सांगितले गेले होते आणि बाळंतपणानंतर ती ‘गेली’ म्हणून फाइल बंद झाली, तिने प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करायची चाचणी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साधी तपासणी करून घ्यावी. पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर ती त्याआधी करावी.